समक्ष हजर

ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत सव्वीस वर्षं आणि पुढे मध्यभारत राज्याच्या नोकरीत आठ. माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं नाही. म्हणूनच हे सांगताना तोंड लपवावंसं वाटतं.

संस्थान विलीन झालं तेव्हा माझे मेहुणे महिपतराव यांचं खातंच मोडलं आणि पन्नाशीत पेन्शन हातात आली. त्यांना दमा, ग्वाल्हेरची थंडी सोसवेना. कुणीतरी सांगितलं, सिलोनला बारा महिने ऊब, नारळ-भात स्वस्त, एवढ्या पेन्शनीत माणूस ऐटीत राहतो. मी हसलो. म्हटलं, लंकेत सोन्याच्या विटा! तरी ते आणि माझी धाकटी बहीण वनमाला गेलेच. समुद्राकाठी मातारा गावात राहिले.

पेन्शनीला दर जानेवारीत हयातीचा दाखला लागे. ‘सदर इसम आज रोजी माझ्या समक्ष हजर झाले,’ आणि खाली अधिकाऱ्याची सही. तिथे तो कोलंबोला मिळे, पण तो प्रवास त्यांना झेपेना. वनूनं लिहिलं, “दादा, तुम्हीच करून टाका ना सही. घरचंच तर काम आहे.”

पंचावन्न साल, ग्वाल्हेरात बाड्याच्या चौकाला लागून, गोरखीजवळचं आमचं ऑफिस, दुपारचे बारा. मी सही केली. तेवढ्यात शिपाई उमाजी आत आला.

“साहेब, पाहुण्यांना पण चहा आणू?”

“कोण पाहुणे?”

तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतच राहिला. “आत्ता तर बसले होते. मलमलचा सदरा, एवढ्या थंडीत!”

मी त्याला चांगलाच झापला.

पंधरा दिवसांनी वनूचं पत्र आलं. त्या दुपारी महिपतराव झोपले ते दिवेलागणीलाच उठले. पाय बर्फासारखे गार. उठल्यावर म्हणाले, “बाड्यावर गर्दी किती वाढलीय!” वनूला हसू आलं होतं. मला नाही आलं.

पुढच्या वर्षी सही करताना समोरची खुर्ची करकरली. खोबरेलाचा वास आला, आणि धाप लागलेल्या माणसाचा श्वास ऐकू आला. मी मान वर केली नाही. त्या खेपेला महिपतराव दोन दिवस उठले नाहीत, असं वनूनं कळवलं.

सत्तावन्नच्या जानेवारीत मध्यभारत मोडून राज्यच नवं झालं होतं. फायली भोपाळला गेल्या, आणि तिथले साहेब जुना एकेक कागद उलटून पाहत होते. टेबलावर कोरा दाखला होता आणि सकाळच्या डाकेनं आलेलं वनूचं पत्र. “दादा, तुमची सही होते त्याच दुपारी यांना ती झोप लागते. यंदा सही करू नका. डॉक्टर म्हणतात, पुन्हा तशी झोप लागली तर छाती सोसणार नाही. आम्ही कसंही करून कोलंबोला जातो. हात जोडते.”

न करणं किती सोपं होतं! पण कोलंबोचा दाखला आला की भोपाळवाले विचारणार, सिलोनचा माणूस मागची दोन वर्षं ग्वाल्हेरात हजर कसा? मे महिन्यात मी रिटायर होणार होतो. सत्कार ठरला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हणालो. हो, म्हणालो! आणि टाक शाईत बुडवला.

खुर्ची करकरली.

श्वास फार कष्टानं चालला होता.

“रघुनाथराव,” ते म्हणाले, “वनूचं पत्र नाही का मिळालं?”

पत्र माझ्या कोपराखाली होतं.

“नाही,” मी म्हणालो.

सही पुरी केली. टीपकागद दाबला. याही वेळी मान वर केली नाही.

खुर्ची हळूच मागे सरकली.

थोड्या वेळानं उमाजी डाक न्यायला आला. लिफाफा मी त्याच्या हातात दिला. तो घुटमळला.

“साहेब, ते पाहुणे आपल्यातलेच ना? मराठीच?”

“हो. का?”

“मग निघताना ‘जातो’ का म्हणाले?”