नवरीच्या जोड्यातलं नाणं

ओस्तियाच्या बंदरावर सकाळपासून खारा वारा सुटला होता. वेत्तिया चुलीपाशी बसून लेकीच्या लग्नाची तीन काशाची नाणी राखेने घासत होती. एक नवरदेव लाबेओच्या हाती द्यायचं, एक चौकातल्या देवांना, आणि एक नवरीने जोड्यात घालून सासरच्या चुलीच्या देवांपुढे ठेवायचं. तिन्हींवर सम्राटाच्या राणीचा मुखडा. राणीवर असलेली देवांची कृपा लेक रूफिल्लालाही लाभावी, एवढीच विधवा वेत्तियाची आस.

तिसरं नाणं घासताना तिचा हात थबकला. राणीच्या डोक्यावर वस्त्र होतं. मघाशी तर नुसता अंबाडा होता.

नाण्यावर असं मस्तक झाकतात ते निवर्तलेल्या राणीचं. ही तर जिवंत होती. राख चिकटली असेल म्हणून वेत्तियाने ओलं बोट फिरवलं. वस्त्राखाली गालावर खळी उमटली. ती खळी राणीची नव्हे, रूफिल्लाची.

तिने नाणं राखेत खोल ढकललं आणि लेकीचा केशरी जोडा उचलला. आत काहीतरी खुळखुळलं. तेच नाणं होतं. त्याला राखेचा कणही नव्हता.

"आई, अगं जोडा दे ना," रूफिल्ला आतून म्हणाली. "लाबेओचे दोस्त दारात चिडवताहेत, नवरी पळाली वाटतं म्हणून."

"नाणं माझ्याजवळ राहू दे. तिकडे पोचल्यावर देते."

"असं कुठं असतं का?"

चुलीच्या देवांपुढे डोकं टेकून वेत्तिया पुटपुटली, "न्यायचंच असेल तर मला न्या, बाबांनो." आणि नाणं तिने स्वतःच्या वहाणेत सरकवलं.

घाईत डोक्यावर घ्यायची शालही घरीच राहिली. वरात निघाली. पोरं नवरदेवाने उधळलेले अक्रोड वेचत होती, बायका लाबेओवर चावट गाणी रचत होत्या. वेत्तियाच्या टाचेखाली नाणं कधी गार पडे, कधी पोळे. दर वळणावर ती पुढे होऊन लेकीच्या तोंडाकडे बघे. लेक हसत होती.

लाबेओच्या दारात तिने नाणं काढलं.

राणी. उघडा अंबाडा. गाल सपाट.

तिने सुस्कारा सोडला. रूफिल्लाने नाणं चुलीपुढे ठेवलं. सगळ्यांनी 'शुभ होवो' म्हटलं.

जावई जवळ आला. त्याचं हसू मावळलं.

"सासूबाई, वाटेत तर तुमचं डोकं उघडं होतं. हे कधी घेतलंत?"

वेत्तियाने हात वर नेला. बोटांना वस्त्राच्या चुण्या लागल्या. काशासारख्या गार, आणि तितक्याच कडक.