सहाव्या महिन्यातला दात

दर शुक्रवारी सकाळी आराक्सी आईसाठी चहात पाव भिजवून ठेवायची. किती वेळ भिजवायचा हे तिला नेमकं ठाऊक होतं. कमी भिजला तर आईच्या हिरड्यांना टोचायचा, जास्त भिजला तर आई ताटली पुढे ढकलून म्हणायची, "हे काय, मांजराला वाढलंस?"

अम्मानच्या अश्रफिया टेकडीवर, आर्मेनियन चर्चच्या मागच्या गल्लीत त्या दोघीच राहत. सिरवार्त एक्याऐंशी वर्षांची. पन्नास वर्षं तिने त्याच घरात बसून लग्नाचे झगे शिवले होते. बावन्न वर्षांच्या आराक्सीने लग्न केलं नव्हतं. एका खाजगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती पेशी वाढवायची. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं घेतलेल्या औषधानेच आईच्या खालच्या जबड्याचं हाड मेलं, तेव्हा आराक्सीने आईच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या मूळपेशी तीन आठवडे वाढवल्या. डॉ. कुतैबांनी त्यातल्या अर्ध्या जबड्यात भरल्या. उरलेल्या अर्ध्या एका कुपीत, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या होत्या. हाड भरून आलं, जखम मिटली, आणि आईची जीभ पूर्वीसारखी चालू लागली.

त्या शुक्रवारी आईने पहिला घास तोंडात घेतला आणि ती थांबली.

"पावात खडा आहे गं."

पावात खडा नव्हता. खालच्या हिरडीच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक वर आलं होतं.

डॉ. कुतैबांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

"कोणाचा आणलास हा?"

"आईचा."

"चेष्टा नको करूस, बाई. हा दुधाचा दात आहे."

आराक्सीने पाकिटावरचं आईचं नाव दाखवलं, तसे ते गंभीर झाले. दातांच्या जुन्या पेशींचे अवशेष जबड्यात राहून जातात, त्यांना कदाचित चालना मिळाली असेल, असं काहीसं ते म्हणाले आणि एक्स-रे पाकिटात घालून त्यांनी पाकीट टेबलाच्या कडेला सरकवलं. लिफ्टमध्ये आराक्सीने हिशेब केला. पेशी भरल्याला सहा महिने पुरे व्हायला चार दिवस बाकी होते. बाळांना पहिला दात साधारण तेव्हाच येतो.

हे तिने कोणालाही सांगितलं नाही. राखून ठेवलेल्या नमुन्याची गुणसूत्रं तिने पुन्हा तपासली. शेहेचाळीस, एकही तुटलेलं नाही. तिने दुसऱ्या दिवशीही मोजली.

आई मात्र खूश होती. खालच्या मजल्यावरच्या नवार्तमावशीला तिने जिन्यातूनच ओरडून सांगितलं. मावशी धापा टाकत वर आली, चष्मा लावून तोंडात डोकावली आणि खाटेवर बसून पोट धरून हसली.

"म्हातारे, आता तुझा हादिक करायला हवा, बाळाच्या पहिल्या दाताचा! रविवारी चर्चनंतर. गहू मी शिजवते."

"डाळिंबाचे दाणे घाल भरपूर. कंजूषपणा करशील तर बघ."

"दात एक आणि तोरा बत्तीस दातांचा!"

मावशी गेल्यावर आईने गुडघे चोळत विचारलं, "ते उरलेलं आहे ना तुझ्याकडे? ते इथे गुडघ्यांत दे."

"सोमवारची वेळ घेते डॉक्टरांकडून. पण आई, घाई कसली आहे?"

"घाई मला नाही. जिना उतरता आला तर अजून दहा वर्षं काढीन. तुला एकटीला सोडून कशी जाऊ? पाव भिजवण्यापलीकडे स्वयंपाक येतो का तुला?"

आराक्सी हसली. पण संध्याकाळच्या रिकाम्या घराची कल्पना तिला कधीच पुरती करवली नव्हती. आईशिवाय तिला कोणीही नव्हतं.

त्या आठवड्यात काही गोष्टी तिच्या ध्यानात आल्या. शिवणकामाने वाकलेली आईची बोटं सरळ झाली होती. वेणी घालताना मानेपाशी मऊ, बिनरंगाची लव हाताला लागायची. तिथे नेहमी कापराच्या मलमाचा वास असे. आता नासलेल्या दुधासारखा आंबूस वास होता. दुपारी पडल्या पडल्या आई तुर्कीत गुणगुणायची. आईच्या लहानपणी तिची आई घरात तीच भाषा बोलायची, पण सिरवार्तने गेल्या साठ वर्षांत त्यातला एक शब्द तोंडातून काढला नव्हता.

वय झालं की आठवणी मागे मागे जातात. हे आराक्सीला माहीत होतं, आणि ती ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती.

रविवारी मावशीने गालिच्यावर पांढरी चादर अंथरली. पद्धतीप्रमाणे आईला मधे बसवलं, डोक्यावर जाळीचं कापड धरलं आणि वरून शिजलेले गोड गहू आणि डाळिंबाचे दाणे ओतले. आई खिदळत होती. मग मावशीने तिच्यापुढे वस्तू मांडल्या: पुस्तक, कंगवा, लाटणं, थर्मामीटर आणि आईची शिवणाची मोठी कात्री. बाळ जे उचलेल तो त्याचा पुढचा धंदा.

"यात काय बघायचंय?" मावशी म्हणाली. "कात्रीच उचलणार ही."

आईने खरंच कात्री उचलली. दोन्ही हातांनी. उलटसुलट करून पाहिली.

मग तिने ती तोंडात घातली.

"नाटकी मेली!" मावशी टाळी वाजवत हसली.

आई कात्री चावत होती. पोलादावर दात घासल्याचा बारीक आवाज येत होता. हनुवटीवरून लाळ ओघळली, ती तिने पुसली नाही.

मावशीचं हसू थांबलं.

आराक्सीने हलक्या हाताने कात्री काढून घेतली. आईने ती घेऊ दिली आणि तिच्याकडे पाहत विचारलं, "हे कशाचं असतं?"

मावशी गव्हाचं पातेलं तसंच टाकून खाली गेली.

संध्याकाळी मात्र आईने आराक्सीला नावाने हाक मारली, कमी साखरेची कॉफी मागितली आणि ती कडू झाली म्हणून चार शब्दही सुनावले. आराक्सीला इतकं हायसं वाटलं की तिने दुसरा कप केला. मग ती टेबलाशी बसली आणि तिने विचार केला, प्रयोगशाळेत करायची तसाच, एकेक गोष्ट वेगळी करून. दाताला कारण होतं. विसरण्याला वय होतं. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं दाखवणारं तिच्या हाती काहीच नव्हतं. आणि खोलीतून आई विचारत होती, "माझ्या गुडघ्यांचं उद्या ना गं?"

सोमवारी तिने कुपी बाहेर काढली. पेशी उत्तम जगल्या होत्या, शंभरातल्या पंच्याण्णव.

"खात्री आहे ना?" डॉ. कुतैबांनी सुई हातात घेऊन विचारलं.

"आहे," आराक्सी म्हणाली.

दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या होत्या. त्या भिजवायच्या नव्हत्या, आणि आईला तीन दिवस उभं राहायचं नव्हतं. आजवर ती न्हाणीघराचं दार लावून एकटीच आंघोळ करायची. बुधवारी सकाळी आराक्सीने तिला स्टुलावर बसवलं, पट्ट्यांवर प्लास्टिक गुंडाळलं आणि गाऊन काढला.

चाळीस वर्षांत तिने आईला असं पाहिलं नव्हतं. लहानपणी पाहिलेलं मात्र चांगलं आठवत होतं. आराक्सीच्या वेळी आईचं पोट कापावं लागलं होतं. नाभीखाली वीतभर लांब, फुगलेला, वाकडा वण होता. आई तो बोटाने दाखवायची आणि वैतागायची, "मेल्याने गोणपाट शिवावं तसं शिवलं. मी शिवलं असतं तर टीपसुद्धा दिसली नसती."

आराक्सीने पोटावरचा साबण धुतला.

मग तिने दिवा लावला.

कातडीची घडी वर उचलून पाहिली. मग डोळे मिटून बोटांनी चाचपलं, नाभीपासून खाली, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत. कातडी मऊ होती, अखंड होती. तिला कधी कोणी सुई लावली नव्हती.

नळ वाहत होता. आईने आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग त्यावरच्या हाताकडे. परक्या माणसाशी बोलावं तितक्याच मर्यादेने तिने विचारलं,

"काही हरवलंय का तुमचं?"