गुऱ्हाळावरची ओंजळ

कंदील जरा बारीक कर रे दादू, तेल काही फुकट येत नाही. आणि हिला गोष्ट म्हणू नका. परवा तुमच्याकडे हळदीकुंकवाला त्या मैनाबाई आल्या होत्या ना, बोर्ली पंचतनच्या, त्यांच्या बाबतीत घडलेलं आहे. पटत नसेल तर विचारा त्यांना. त्या सांगणार नाहीत, एवढंच.

एकोणीसशे बावीस साल, पौषातली अवस. मैना तेव्हा नऊ वर्षांची, येसाजीची एकुलती एक. दिवेलागण झाली तशी आई म्हणाली, "बाय, बापाला भाकरी देऊन ये." बोंबलाची चटणी-भाकरी फडक्यात बांधून मैना दिघीच्या वाटेवरच्या त्यांच्या गुऱ्हाळावर निघाली, ती नाचतच. वर्षातले हे पंधरा दिवस तिला सणासारखे. घाण्याभोवती फिरणारे बैल, जमिनीलगतच्या चुलीवर केवढी थोरली काईल, तिच्यात रटरटणारा उसाचा रस, आणि गूळ व्हायच्या जरा आधीची ती दाट, तांबूस काकवी... बोटानं चाटायची.

रीत अशी की काईल चुलीवर असताना जो येईल त्याला काकवी द्यायची. नाव-गाव विचारायचं नाही. पण येसाजी असला चिक्कू, मुंगीच्या तोंडातला कणसुद्धा परत मागायचा!

मैना पोचली तेव्हा गडी जेवायला गेले होते. येसाजी एकटाच. आणि त्याच्यासमोर एक बाई उभी. वाळलेली, पदर कपाळाखाली ओढलेला.

"पसाभर काकवी द्या, मालक. रीत हाय."

"भांडं हाय का?"

"न्हाय."

येसाजी हसला. "मंग वंजळ धर. मैने, घे ती पळी. उकळती वत तिच्या हातावर."

"बाबा, भाजंल तिला..."

"वत म्हनलं ना! न्हायतर तुज्या हातावर वततो."

मैनानं ओतली.

वास आला. कातडीचा. बाई ओरडली नाही. ओंजळ तोंडाला लावून तिनं शेवटच्या थेंबापर्यंत चाटली. मग मान वर करून बघितलं. येसाजीकडे नाही. मैनाकडे.

"ग्वाड हाय गो. आता माज्या पोरीला दे."

"कुटं हाय तुजी पोरगी?" येसाजी खेकसला.

"हिच्या मागं."

मैना वळली नाही. वळताच येईना. तिच्या डाव्या हातात एक हात आला... लहान. चिकट. गरम. तिनं आपला हात ओढला. सुटेना.

"बाबा..."

येसाजीनं तिच्या मागं बघितलं. काय बघितलं ते त्यालाच ठाऊक. तो मागं सरला. एक पाऊल. आणखी एक.

मागं काईल होती.

पाणी झटकता येतं, पोरांनो. काकवी झटकता येत नाही.

किंकाळी ऐकून गडी धावले, तेव्हा बाई नव्हती. येसाजी तीन दिवस जगला, केळीच्या पानावर, उताणंही होता येईना असा. तीन दिवस एकच धोशा. "तिला भायेर काडा... घरातून भायेर काडा..." लोक म्हणाले, बरळतोय.

त्याला पोचवून माणसं परतली. आई शेणाचा गोळा घेऊन ओटी सारवायला वाकली, आणि तशीच खाली बसली.

उंबरठ्यावरून आत, थेट मैनाच्या वाकळेपर्यंत, काकवीची इवली पावलं उमटली होती. मैनाच्या पावलाच्या निम्मीही नाहीत. अजून ओली.

सगळी आत गेलेली. बाहेर येणारं एकही नव्हतं.