मेणाची रेघ

आष्टीच्या सुंदरराव देशमुखांच्या दिवाणखान्यात वाड्याचं पाणी भरणाऱ्या आप्पांची शिवकन्या कळशी घेऊन शिरली, तर काचेच्या टाकीतून दोन डोळे तिच्याकडेच बघत होते. माशाचे नव्हते... पलीकडे वाकलेल्या उत्तरेश्वराचे होते! कळशी हिंदकळली.

"थांब, थांब! किती ओतशील?"

"मासा तहानलेला दिसला म्हणून—"

"मासा, का मी?"

मेला आगाऊच होता! मुंबईत एका साहेबाकडे राहून तो मासे पाळायचं काम शिकला होता. निजामाचे तालुकदारसाहेब दसऱ्याला येणार, त्यांना समुद्रातले मासे दाखवायचे ही देशमुखांची हौस. चार मासे आणि समुद्राचं पाणी पिंपांतून नगरपर्यंत आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं आलं होतं. दसऱ्यापर्यंत मासे जगले, तर उत्तरेश्वराची चाकरी कायम होणार होती.

"पानी उडून जातंय, मीठ मागं ऱ्हातंय," त्यानं समजावलं. "म्हणून रोज आडाचं गोडं पानी घालायचं. रेघेपतोर. वर थेंब न्हाई."

रेघ म्हणजे टाकीला बांधलेला दोरा, आणि तो रोज घसरायचा.

"आतून कुंकवाचं बोट वढा की."

"कुंकवात चुना अस्तो. मासं मरतील. लावायचं ते भाईरून."

दुसऱ्या दिवशी तिनं कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी आणली. त्यानं काचेवर बाहेरून मेणाची रेघ ओढली, वर तिचंच कुंकू दाबलं. बोटांना बोटं लागली... आणि दोघंही उगाच माशांकडे बघत बसली.

"आप्पांनी मला वडवणीचं स्थळ बघितलंय," ती हळूच म्हणाली.

"चाकरी पक्की हू दे. मग येतो तुझ्या आप्पांकडं."

"कावून?"

"पानी मागायला!" तो हसला.

दसऱ्याच्या तोंडावर नवी पिंपं आणायला तो नगरला गेला. जाताना म्हणाला, "रेघ तुझ्या हवाली."

खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापलं हत्यार पुजलं. गड्यांनी नांगर, आप्पांनी पोहरा. उत्तरेश्वराच्या पोटापाण्याचं हत्यार ही टाकी, म्हणून त्याच्या वाटची पूजा शिवकन्येनंच केली. हळदकुंकू काचेला बाहेरूनच लावलं. पण जन्माची सवय नडली. हात जोडण्याआधी तिनं चिमूटभर कुंकू वरून पाण्यातही वाहिलं.

पाण्यात लाल ढग पसरला. तिनं ओंजळीनं उपसलं, नवं पाणी घातलं, देवाला हाका मारल्या. दुसऱ्या सकाळी चारही मासे उताणे तरंगत होते.

दुपारी तो आला. तिनं काही लपवलं नाही. तो संतापला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"माझ्यासाठी पुजलंस?"

तिला रडू आवरेना.

"पानी मातर बरोबर रेघेवर हाय," तो म्हणाला.

देशमुखांनी त्याला त्याच दिवशी चालता केला. वळकटी काखेत मारून तो आडापाशी आला.

"शिवकन्या... लई जीव हाय माझा तुझ्यावर."

"मग आप्पांकडं जावा की!"

"गेलतो. न्हाई म्हणले."

तो नगरच्या वाटेनं दिसेनासा होईपर्यंत ती पोहरा हातात धरून उभी राहिली.

टाकीकडे पुढं कुणी फिरकलं नाही. शिवकन्या मात्र रोज कळशी नेत राहिली. तुळशीच्या लग्नानंतर तिचंही लग्न झालं. सासरी निघायच्या सकाळी हिरव्या चुड्याच्या हातांनी तिनं त्या बिनमाशाच्या टाकीत पाणी ओतलं. अगदी रेघेपर्यंत, वर थेंब नाही.

दारात वडवणीची बैलगाडी उभी होती. उद्यापासून ते पाणी खाली जाणार होतं, आणि भरायला कुणी नव्हतं.