हवेवरचा वायपर

पलूसहून कुंडलला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. माझा धाकटा भाऊ अमृत आणि मी मिळून चालवतो. मी फौजेच्या वर्कशॉपात हयात घालवून आलोय. गाडी रुसली, गाडीला नजर लागली, असलं कुणी बोलू लागलं की माझं डोकं फिरतं. लिंबू-मिरची बांधून आलेल्या गाडीचं लिंबू मी आधी तोडतो आणि मग बोनेट उघडतो. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. करू दे.

औंधच्या शिवतेजची मोटार भर श्रावणात ट्रकवर लादून आली. अमेरिकन बनावटीची, त्याच्या आजोबांची. गुऱ्हाळाच्या शेडमध्ये ती त्याच्या जन्माआधीपासून उभी होती. गाद्या उंदरांनी खाल्लेल्या, रंग उडालेला, पण इंजिन धड होतं आणि अमृतने ते लवकरच सुरू केलं. अडलं ते वायपरपाशी. त्या काळी वायपर विजेवर नसे. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीला एक रबरी नळी जोडलेली असते, नळीच्या दुसऱ्या टोकाला पितळी डबी, आणि डबीत चामड्याचा पडदा. ओढ लागली की पडदा इकडून तिकडे झुलतो आणि काचेवरचं पातं फिरतं.

"इजेची मोटर बसवतो," मी शिवतेजला म्हणालो. "टिकंल तरी."

"आज्जाची गाडी हाय. जसं हुतं तसंच पायजे." तो खुर्चीतून उठलाही नाही. "जमत नसंल तर सांगा फौजी. सांगलीत माणसं हायत."

तिशीतलं पोरगं, उसाच्या पैशावर माजलेलं. जमत नाही हा शब्द मला झोंबतो. मी डबी खोलायला घेतली.

आत गंज असायला हवा होता, निदान धूळ. त्याऐवजी ओल होती. आरशावर श्वास सोडल्यावर धरते तशी बारीक वाफ पितळेवर धरली होती. मी फडक्याने पुसली, ती पुन्हा धरली. डबी हाताला कोमट लागत होती. पावसाळी हवा आहे, असं म्हणून मी विषय सोडला आणि चामड्याला एरंडेल चोळलं.

चामडं मऊ झाल्यावर अमृतने नळीचं टोक तोंडात धरलं. ही आमची नेहमीची रीत. इंजिनाला जोडण्याआधी तोंडाने हवा ओढून बघायची. पातं हललं म्हणजे डबी चांगली. त्याने ओढली. पातं झर्रकन काचेच्या पार टोकाला गेलं. त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला.

मग त्याचे गाल आत गेले.

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टेत त्याचा हात धरणारा आख्ख्या पलूसमध्ये नाही. पण त्याचे डोळे मोठे झाले, दोन्ही हात नळीवर आवळले आणि नळी तोंडातून निघेना. पातं परत आलं, गेलं, परत आलं. मी त्याचा खांदा धरून नळी हिसडली, तेव्हा ती सुटली. त्याच्या ओठांभोवती निळं कडं उमटलं होतं.

"गाडीनंच वढलं, दादा," तो खोकत म्हणाला.

"इंजिन बंद हाय. तूच जोरात वढलंस. येड्यागत बोलू नगं."

पातं मात्र थांबलं नव्हतं. नळी लोंबत होती, तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, आणि पातं कोरड्या काचेवर जात होतं, येत होतं. दर टोकाला जरासं थांबत होतं. अशा गाड्यांत ओढ साठवणारी एक छोटी टाकी असते. मी ती काढून बाकड्यावर ठेवली. डबी पुन्हा तपासली. पातं चालूच. शेवटी वैतागून मी ते मुठीत धरलं.

अमृत माझ्याकडे पाठ करून पान्हे पुसत होता आणि बाजारातली काहीतरी भानगड सांगत होता. त्याचा शब्द मध्येच तुटला. तो वळला. तोंड उघडं, छाती वर चढलेली, आणि ती खाली येईना. मी पातं सोडलं. छाती खाली आली.

मी परत धरलं.

होय, परत. एकदा घडलं तर योगायोग म्हणायचं, एवढं मला फौजेने शिकवलंय. अमृत बाकड्यावर कोसळला आणि पान्हे फरशीवर सांडले. मी मूठ उघडली. तो माझ्याकडे बघत राहिला. परक्याकडे बघावं तसा.

"परत धरू नगंस," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने, प्रियदर्शनीने, त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. छातीचे फोटो निघाले. फुप्फुसं निरोगी आहेत, मनाचं काही असेल, असं डॉक्टर म्हणाले. अमृतने तिला सगळं सांगितलं असावं, कारण ती माझ्या ताटात वाढायची बंद झाली. घर गॅरेजच्या पाठीमागेच, मध्ये एक भिंत. भिंतीपलीकडे अमृत खाटेवर आणि अलीकडे मी त्या काचेसमोर स्टूल टाकून. पातं फिरतंय तोवर माझा भाऊ श्वास घेतोय, एवढंच मला कळत होतं. त्या गाडीवर पेट्रोल ओतून काडी लावावी असं मनात यायचं, आणि मी पात्याच्या सांध्याला तेल घालायचो.

शिवतेज भर पावसात दोन माणसं घेऊन आला.

"वायपर फिरतोय की," तो म्हणाला. "मग निरोप का न्हाई धाडला?"

"आजून काम ऱ्हायलंय. गाडी इथंच ऱ्हाऊ द्या."

"ती आज यमाईच्या डोंगरावर जाणार. देवीम्होरं उभी केल्याबिगर घरात घ्यायची न्हाई, असं आईचं म्हणणं हाय."

"चढाला नगा नेऊ. चढाला रेस दाबली की इंजिनाची वढ कमी हुती. वायपर थांबतो."

"थांबंना. त्यानं काय कोण मरतंय व्हय?"

"माझा भाऊ," मी म्हणालो.

त्याने आपल्या माणसांकडे पाहिलं. "फौजीनं कँटीनची रम सकाळीच घेतलीया जनू."

एकाने लोंबती नळी इंजिनाला जोडली. मी दार धरलं तर दुसऱ्याने मला चिखलात लोटलं. इंजिन सुरू झालं आणि पातं पिसाळल्यासारखं काचेवर आपटू लागलं. भिंतीपलीकडून प्रियदर्शनीची हाक आली.

मी आत धावलो. अमृत उठून बसला होता आणि कुत्र्यासारखा धापा टाकत होता. गाडी रस्त्याला लागली तशी धाप कमी झाली.

"काय केलासा तुमी ह्यास्नी, भावजी?" प्रियदर्शनी म्हणाली.

मी शिवतेजला फोन लावत राहिलो. तो उचलत नव्हता. गाडी कुठे असेल ते मला अमृतच्या छातीवरून कळत होतं. गाडी गावातून सावकाश जाताना छाती भराभर हलायची, मोकळ्या रस्त्याला संथ व्हायची. अमृत मला काही सांगू बघत होता, पण एका वाक्याला पुरेल एवढी हवा त्याच्यापाशी नव्हती.

मग छाती जड झाली.

वर जायची आणि तिथेच राहायची. मोठ्या कष्टाने खाली यायची.

डोंगर लागला होता.

"रेसवरनं पाय काढ रं," मी फोनमध्ये ओरडलो. तिकडे नुसती रिंग वाजत होती.

अमृतने माझं मनगट धरलं. छाती वर गेली.

प्रियदर्शनीने त्याच्या छातीवर हात ठेवला. ती खाली यायची आम्ही दोघं वाट बघत राहिलो. मनगटावरची बोटं सैल झाली.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला.

"फौजी, मानलं तुमाला," शिवतेज खुशीत होता. "निम्म्या चढाला वायपर थांबला, मला वाटलं गेला. आन मधीच असा सुटला की इचारू नगा. आता चढ काय न् उतार काय." त्याचा आवाज उतरला. "देवळाम्होरं गाडी बंद केलीया. चावी माझ्या हातात हाय. तरी ह्यो फिरायलाच लागलाय. बंद कसा करायचा?"

फोनमध्ये पात्याचा आवाज येत होता. जात होतं, येत होतं. प्रियदर्शनीचा हात अजून अमृतच्या छातीवर होता.

"बंद करू नगा," मी म्हणालो.