दर सोमवारचं जळकं तेल

नार्व्याच्या अष्टमीच्या जत्रेत खाज्याच्या दुकानासमोर उभं राहून खाजं न मागणारा माणूस सेजलनं पहिल्यांदाच पाहिला.

पाऊस रिमझिमत होता. ताडपत्रीच्या कडेवरून पाण्याची धार नेमकी त्याच्या खांद्यावर पडत होती आणि पठ्ठ्याला त्याचं भानही नव्हतं. हातात निळा कॅन, गळ्यात विमान कंपनीचं ओळखपत्र... आणि नजर थेट कढईत!

"किती देऊ?" सेजलनं विचारलं.

"खाजां नको. तुमचां जळकां तेल होया."

सेजलचं डोकंच फिरलं. असलं तेल गाळून पुन्हा खपवणाऱ्यांच्या गोष्टी तिनं ऐकल्या होत्या. "खंयच्या हॉटेलात खपवतलंस?"

"हॉटेलात नाय..." तो चाचरला. "विमानात."

भरल्या जत्रेत सेजल इतकी हसली की तराजूतलं खाजं खाली सांडलं.

तो पेडण्याचा गौरेश. मोपाच्या विमानतळावर, स्वस्त तिकिटांच्या एका कंपनीत कामाला. त्या कंपनीनं आपला धूर कमी करायचं मनावर घेतलं होतं. सामानाच्या गाड्या विजेवर आणल्या, धावपट्टीकडे जाताना एकच इंजीन चालवायला सुरुवात केली, आणि आता गावोगावचं तळणाचं जळकं तेल गोळा करून कारखान्यात धाडायचं होतं. तिथं त्याचं विमानाचं इंधन होतं म्हणे.

"म्हणजे आमच्या आयेच्या कढईर विमान उडतलां?"

"सगळां नाय. थोडां थोडां," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

दुसरा कुणी असता तर बढाया मारून मोकळा झाला असता. त्या 'थोडां थोडां'वर सेजल तिथंच भाळली. तिनं ते स्वतःशी कबूल केलं नाही, पण आपण कशाला लपवा?

मग सोमवार सुरू झाले. सर्वण गावातल्या घरी सेजलची आई देवकी खाजं तळायची, सेजल ते गुळाच्या पाकात घोळवायची, आणि दर सोमवारी सकाळी अंगणात गौरेशची विजेवरची स्कूटर आवाज न करता येऊन उभी राहायची. आवाज येत नसे, तरी सेजलला ती कशी कळायची कोण जाणे! सोप्यावर बसून तो चहा घ्यायचा, गरम खाजं खायचा. एकदा त्याच्या मिशीला गूळ चिकटला. सेजलचा हात आपोआप पुढं झाला... आणि अर्ध्यावरच थांबला.

"काय झालां?" त्यानं विचारलं.

"काय नाय. मिशीक गूळ लागलोहा."

"मग पूस मां."

"हात नाय तुका?" म्हणत ती पळाली खरी, पण दिवसभर तिचं पाकात लक्ष नव्हतं.

आणि एका सोमवारी तो कॅनशिवायच आला. सोप्यावर चढलाच नाही. तुळशीपाशी उभा राहून म्हणाला, "आता मी येवचंय नाय, सेजल."

तपासणीत सर्वणचं तेल जळकं निघालंच नव्हतं. बरंचसं नवं कोरं! माप फुगवण्यासाठी गौरेशच दुकानातलं तेल मिसळतो, असा त्याच्या कंपनीतल्या वरिष्ठ पल्लवी मॅडमना संशय होता. नवं तेल विमानात घालायचं म्हणजे लोकांच्या ताटातलं काढून घ्यायचं. मग ह्या सगळ्या खटाटोपाला अर्थ काय? उद्या मॅडम निर्णय देणार होत्या. नोकरी जाणार, नाव जाणार.

"तुझो तरी माझ्यार इस्वास आसा मां?"

"आसा," सेजल म्हणाली. तिला विचारही करावा लागला नाही.

तेवढ्यात आतून झारा पडल्याचा आवाज आला. देवकी दारात उभी होती, चेहरा पांढराफटक.

"आये... काय झालां?"

"मीच ओतलंय," देवकी पुटपुटली. "गौरेश दर सोमवारी येता. आठवड्यात तेवढां तेल जळता खंय? दारात इलेल्याक रितो कॅन घेवन कसो धाडू? कढईतलां घातलंय, वर डब्यातलां नवां ओतलंय. माका वाटलां, बऱ्या तेलावर विमान बरां चलतलां..."

सेजलला हसू आलं आणि त्याच दमात डोळ्यांत पाणीही आलं.

गौरेश मात्र गंभीर झाला. "काकीक त्या ऑफिसात उभी करू नको. माझां काय तां होवंदे."

सेजल त्याच्याकडे बघतच राहिली. पण देवकीनं पदर खोचला. "चूक माझ्या हाताची. माझ्याच तोंडान सांगतलंय."

दुसऱ्या दिवशी सेजलच्या स्कूटरवर मागं बसून देवकी मोपाला पोचली. ठेवणीतली साडी, हातात खाज्याचा पुडा. पल्लवी मॅडमसमोर तिनं सगळं सांगून टाकलं. हसता हसता मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि मग एकदम थांबल्या.

"पण काकी... दर सोमवारी? सर्वणची फेरी तर महिन्यातून एकदाच असते!"

गौरेशचे कान लालबुंद झाले.

"गौरेश?"

"सोमवारी माझी सुट्टी असते, मॅडम," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "बाकीच्या फेऱ्या... माझ्याच." मग घाईघाईनं पुढं म्हणाला, "गाडीपण माझीच. विजेवरची. धूर नाही!"

सेजलनं ओठ दातांखाली घट्ट धरला, तरी हसू फुटलंच. म्हणजे तेल कमी पडलं ते ह्याच्यामुळे! आईनं नवं तेल ओतलं ते ह्याच्यामुळे! आणि हा यायचा तो...

"काम चालू ठेव," मॅडम म्हणाल्या. "तेल महिन्यातून एकदाच. बाकीच्या सोमवारांचं तू तुझं बघ."

बाहेर आल्यावर गौरेशनं हात जोडून देवकीचे आभार मानले. "देव बरें करूं, काकी." देवकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग विमान बघायचं निमित्त करून ती कुंपणाकडे चालू लागली.

"देव बरें करूं, सेजल. तू 'आसा' म्हणालंस, म्हणान मी रात्री निजलंय तरी," तो हळूच म्हणाला.

"माका कित्याक? मीच देवाक हात जोडूक होये," तिनं मान खाली घातली. "चार घोट चायसाठी सर्वणपर्यंत कोण येता रे?"

"चायसाठी नाय येय होतंय..."

"म्हायत आसा."

दोघंही हसली. वाऱ्यानं तिची बट तोंडावर आली, त्याचा हात पुढं झाला आणि ह्या वेळी अर्ध्यावर थांबला नाही.

"सोमवारी ये," ती म्हणाली. "कॅन घेवन येव नको."

"मग काकीक काय सांगू? कित्याक इलंय म्हणान?"

सेजलनं कुंपणापाशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"खरां सांग."