डौवेचे लाकडी जोडे

यातलं काहीच रचलेलं नाही. आमच्या टेरस्केलिंग बेटावर, आमच्याच गल्लीत घडलेलं आहे. १८८९ चा नोव्हेंबर. शनिवार, दिवेलागण. धुक्यात समोरची विहीर दिसेना.

डौवे 'नोर्डस्टर' नावाच्या आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. बोट नवी होती तेव्हा रॉटरडॅमहून अमेरिकेला जाताना तिच्यावर पियानो वाजायचा. ती म्हातारी झाली, पियानो गेला, आणि तिथं फळ्या ठोकून गरिबांची लेकरं निजवली.

आमच्याकडे दर्यावर गेलेल्याचे लाकडी जोडे उंबऱ्याबाहेर ठेवतात. चवडे घराकडे. तो परतेपर्यंत कुणी हात लावत नाही.

त्या दिवशी डौवेच्या बायकोनं, येल्त्येनं, पायरी घासायला ते उचलले. आणि तो घरी असताना ठेवायची तसे, सवयीनं, चवडे रस्त्याकडे करून ठेवले.

बाहेरून आत येताना सासू गीस्के थबकली.

"हे कुणी फिरवले?"

"मीच, आई. पायरी घासत होते."

"उद्या समुद्रही घासशील. जा, नीट ठेव."

येल्त्येनं कडीला हात घातला.

बाहेर... टॉक... टॉक...

पावलं दारापासून लांब जात होती.

तिनं दार उघडलं. जोडे जागेवरच होते.

पण आतून... गरम. ते फिरवायचे राहूनच गेले.

मंगळवारी बातमी आली. शनिवारी दिवेलागणीला, धुक्यात, दुसरी बोट नोर्डस्टरच्या कुशीत घुसली होती. भट्टीवरचं कुणी वाचलं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी पावलं दारापर्यंत यायची... थांबायची... माघारी जायची.

"आता फिरवू नकोस, पोरी," गीस्के म्हणाली. "निघालेल्याला जाऊ दे."

"तुमचा मुलगा आहे तो."

"म्हणून तर सांगते."

त्या संध्याकाळी येल्त्येनं जोड्यांचे चवडे घराकडे फिरवले.

टॉक... टॉक... पायरीपाशी थांबलं.

मग काहीच नाही.

सकाळी फरशीवर कोळशाचे ओले पाय उमटले होते. आत येणारे. बाहेर जाणारा एकही नव्हता.

गीस्के त्याच दिवशी लेकीकडे निघून गेली. येल्त्ये तिथंच राहिली, कितीतरी वर्षं.

एकदा भरदुपारी शेजारची आंत्ये तिला मासे द्यायला गेली. भिंतीतल्या, कपाटासारख्या बिछान्याची दारं लावलेली होती.

"एकटी कशी गं राहतेस?"

येल्त्येनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल... आत्ताच डोळा लागलाय."

आंत्येची नजर बिछान्याच्या दारांकडे गेली.

अडसर बाहेरून घातलेला होता.

आणि आतून कुणीतरी... अगदी हलकेच... दार ढकलत होतं.

आंत्ये म्हणजे माझी आजी. पुढचं तिनं सांगितलं नाही. खरं तर... मीच विचारलं नाही.